खाचराचा ईशान्य कोपरा

मार्गशीर्षातली केशरवर्णी सकाळ सह्याद्रीच्या कड्यांवरून हळूहळू उतरत होती. कापणी झालेल्या भातखाचरांत दवाने भिजलेली धसकटं उभी होती आणि खाडीकडून आलेलं धुकं वहाळाच्या काठाशी अजून रेंगाळत होतं. त्या सुवर्णपीत खाचरात शुभ्र, श्यामल, धूसर मेंढ्यांचा कळप अंग अंगाला लावून बसला होता.

दर वर्षी हे असंच. घाटावरचं रान सुकलं की धनगर कोकणात उतरत, मेंढ्या रात्री खाचरात बसवत. खत जमिनीला मिळे आणि भात धनगरांना. एकाची भूमी अचल, दुसऱ्याची पावलापावलाने बदलणारी. बोली वेगळी, देव वेगळे, भाकरीचं पीठसुद्धा वेगळं. तरी पिढ्यान् पिढ्या निभावलं होतं.

धाकू म्हसकर बांधावर उभा होता. खाचर त्याचं. माणूस मुळातच संशयी. कुंपणावर कावळा बसला तरी हा कशाला आला असेल, असा विचार करणारा. आज मात्र त्याला खरोखरच काहीतरी दिसलं. कळपाची कर्तीसवरती म्हातारी ठकूबाई ईशान्य कोपऱ्यात बसून माती उकरत होती. तिने खळग्यात काहीतरी ठेवलं, माती लोटली, वर दगड ठेवला आणि दगडाला हळद लावली. ओली, पिवळीजर्द, उन्हात झळकणारी हळद. मग इकडेतिकडे बघत ती आपल्या तळाकडे गेली.

धाकू बांधावरून तरातरा घराकडे निघाला.

तो घरी आला, तर बायको भागीरथी चुलीपुढे बसलेली. लुगड्याचा काठ दवाने ओला. शिंक्यातला नारळ नाहीसा. आणि ओठांवर गुणगुणणं, या घराने कित्येक वर्षांत न ऐकलेलं. कुठे गेली होतीस, असं त्याने विचारलं. ठकूबाईची सून बायडा पहाटे बाळंत झाली, मुलगी झाली, बघायला गेले होते, असं ती म्हणाली आणि तिने मान खाली घातली. पुढचं काहीतरी तिने गिळलं, ते धाकूला स्पष्ट दिसलं.

मग संशयाला सगळीकडे वाटा फुटल्या. ठकूबाई यंदा लवकर का आली? खाचर किती लांब-रुंद आहे, हे तिच्या मुलाने परवा का विचारलं? भागीरथी मान वर का करत नाही? तो सावलीत बसला, उन्हात बसला, पुन्हा सावलीत बसला. मन काही बसेना.

दुपारी कळप डोंगराकडे चरायला गेला. तळावर बाळंतीण आणि तान्हं तेवढं राहिलं. धाकूने कुदळ उचलली. हळदीचा दगड लाथेने बाजूला सारला आणि माती उकरली. आत मातीचं बोळकं निघालं. बोळक्यात फडकं, फडक्यात तान्ह्या मुलीची नाळ.

नाळेचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. चुलतभाऊ याच खाचरावर हिस्सा मागत चालून आले, तेव्हा त्याचे वडील याच कोपऱ्यात उभे राहून म्हणाले होते, आमच्या घराण्याच्या नाळा इथे पुरल्यात. त्या एका वाक्यावर पंच मुके झाले आणि जमीन वाचली. त्या कोपऱ्यात शेवटची नाळ पुरली गेली ती धाकूचीच. त्याच्यानंतर कुणाचीच नाही. देवाने मूल दिलं नव्हतं. आणि आता तिथे, त्याच्या निर्वंश मातीत, परक्याची नाळ.

तो बोळकं घेऊन वहाळाशी गेला आणि अंगातल्या सगळ्या बळाने त्याने ते पाण्यातल्या खडकावर फेकलं. फुटल्याचा आवाज झाला. पाणी पुन्हा आपल्या वाटेने वाहू लागलं. धाकूला हायसं वाटलं, खरंच हायसं वाटलं.

दिवस कलताना ठकूबाई अंगणात आली. दगड कुणी हलवला, असं तिने शांतपणे विचारलं. आजवर धाकू तिला मावशी म्हणत आला होता.

"माझ्या शेतात कुणाला इचारून पुरलंस, म्हातारे? उद्या ही पोर मोठी व्हयल आन् म्हणंल, माझी नाळ हितं हाय, माझा हिस्सा टाका. दिलं ते बोळकं वहाळात फेकून."

ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिचा चेहरा रागाने नव्हे, कीवेने उतरला.

"आमच्यात उलटं असतंय, दादा. नाळ जिथं पुरली, त्या रानाचा पोरीवर हक्क. त्या रानातल्या उभ्या पिकाला तिच्या मेंढरानं जन्मात तोंड लावायचं न्हाई. लगीन ठरलं की पहिली हळद त्या रानाला. आता कुठल्या रानाला लावायची तिनं?"

म्हातारीचं बोलून झालं नव्हतं.

"आन् म्या माझ्या मनानं न्हाई पुरली. तुझ्या बायकूनं पदर पसरला. म्हनली, आमच्या कोपऱ्यात लेकराची नाळ न्हाई, मावशी, हिची तरी ऱ्हाऊ द्या."

भागीरथी दारात उभी होती. आधी विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, हे तिला ठाऊक होतं. आणि ते खरं होतं.

नाळ उकरलेल्या रानात ते लोक मेंढी बसवत नाहीत. सांज व्हायच्या आत तळ उठला. बायडा पोरीला उराशी घेऊन घोड्यावर बसली आणि वळूनही न बघता निघाली. पोर आईच्या पदराखाली झोपली होती.

धाकू वहाळात उतरला. गुडघाभर गार पाण्यात वाकून दगडामागून दगड चाचपू लागला. तांबूस, करड्या, काळवंडत चाललेल्या पाण्यात त्याच्या हाताला एक खापरी लागली, रिकामी, धुऊन स्वच्छ झालेली. ती दाखवायला त्याने मान वर केली.

भागीरथीही पाण्यात उतरली होती. त्याच्याजवळ नाही, खूप खाली, वहाळ खाडीला मिळतो तिथे. पाण्यात पदर पसरून ती उभी होती. पाणी पदरात येत होतं, आणि पदरातून निघून जात होतं.