कचरूची बोरी गाभण राहिली

“मारली! लाथ मारली!” कुणीतरी ओरडलं आणि शंख वाजला.

भोकरदनजवळच्या ओढ्याकाठी खुरनाथबाबाचा मठ होता. दिवाळी सरली होती, आणि त्या दिवशी तिथं मुंगीला वाट नव्हती. नर घोडा समोर आणताच कचरूच्या बोरी घोडीनं कान मागं पाडले आणि अशी लाथ झाडली की घोडा धरणारा माणूसच गवतात जाऊन पडला. नराला लाथ मारली म्हणजे घोडी गाभण, ही आमच्या भागातली जुनी परीक्षा. तिच्यात कुणाला खोट दिसत नव्हती.

बाबानं डोळे मिटले. “गर्भ बोलला! म्हणला, आता माझ्या आईला हात लावू नका! सूर्याच्या रथाला सात घोडे, आठवा आमच्या कचरूच्या दारी!”

“आठवा जुंपायचा कुठं, बाबा?” मी विचारलं.

शेजारच्यानं मला कोपर मारलं. “नालबंदा, तू खुराकडं बघ. वरचं तुला काय कळतं?”

लोक हसले. कचरू मात्र रडत होता. जिथं गाडी जात नाही अशा डोंगरकडेच्या वस्त्यांवर तो मीठ, गूळ आणि कापड पोचवायचा. सगळं बोरीच्या पाठीवर. बोरी आता उतरणीला लागली होती. तिचं पिल्लू वेळेत हाताशी आलं तरच हा धंदा टिकणार होता, आणि धंद्याशिवाय त्या घरात दुसरं काही नव्हतं.

पण बोरीचा माज ठिकाणावर नव्हता. कधी दोन दिवसांत उतरायचा, कधी पंधरवडाभर रेंगाळायचा, कधी अख्खा हंगाम कोरडा जायचा. कचरू तिला घोड्याकडं नेईपर्यंत ती थंड झालेली असायची. शेवटी तो बाबाकडं गेला. बाबा म्हणाला, “पोटात वारं सुटलंय. त्याला गाठ मारावी लागंल.” नवरात्रात त्यानं बोरीला आपला घोडा लावला. मग तिच्यामागं पडदा धरायला लावला, हाताला तेल चोपडलं आणि आत जाऊन ‘बीजमंत्र’ दिला. मंत्राला कोपरापर्यंत तेल कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही.

पौषात बोरीनं दाणा सोडला. शेपटीखालून पू गळू लागला आणि वासानं गोठ्यात कुणाला उभं राहवेना.

“डोहाळे हायेत,” कचरू म्हणाला.

“माझी सात बाळंतपणं झाली,” त्याची बायको झुंबरबाई म्हणाली. “असल्या वासाचे डोहाळे म्या न्हाई बघितले.”

त्याच आठवड्यात लतीफ डॉक्टर गावात बुळकांडीची लस टोचायला आले होते. ते जनावरांचे सरकारी डॉक्टर. झुंबरबाईनं त्यांना बोलावलं, तर कचरूनं बाबाला. दोघं एकाच वेळी चावडीपुढं येऊन उभे राहिले आणि सगळं गाव जमलं.

“गाभण आहे हे कुणी सांगितलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तिनंच. लाथ मारून,” कचरू म्हणाला.

डॉक्टर रामराव पाटलांकडं वळले. “पाटीलसाहेब, तुमची लहान घोडी आणा. अजून तिला घोडा लागला नाही ना?”

“न्हाई, न्हाई. कुवार हाये ती.”

घोडी आली. पाटलांचाच नर तिच्यासमोर आणला. तिनं कान पाडले आणि ताडकन लाथ मारली.

“पाटील, पेढे वाटा!” झुंबरबाई म्हणाली. “तुमच्या कुवार पोरीला दिवस गेले!”

चावडी हसून फुटायची बाकी राहिली. डॉक्टर हसले नाहीत. “माजावर नसलेली कुठलीही घोडी लाथ मारते. दिवस लहान झाले की बहुतेक घोड्या माजावर येतच नाहीत. बाबांनी नवरात्र बराबर धरलंय, त्यानंतर लाथ बसणारच.”

मग त्यांनी साबणानं हात खांद्यापर्यंत धुतला. मी बोरीचा पाय धरला. पुष्कळ वेळ ते आत चाचपत राहिले. हात बाहेर आला तेव्हा मुठीत लिंबाएवढी गुळगुळीत गारगोटी होती, पुवानं माखलेली.

“हा तुमचा मंत्र,” ते म्हणाले. “असला गोटा आत राहिला की काही घोड्यांचं शरीर फसतं. पोटात पिल्लू आहे असं समजून माज बंद करतं. थंडी सरली तरी बाबांचं खोटं झाकलेलं राहतं.”

झुंबरबाईनं बाबाची झोळी हिसकली आणि उलटी केली. तसल्याच चार गारगोट्या घरंगळल्या, तेलकट.

बाबा डगमगला नाही. “सरकारी हात लागला! जित्या गर्भाचा गोटा झाला!”

“आन् हे झोळीतले?” मी विचारलं.

“हे आधीच्या पाप्यांचे. म्या जपून ठेवलेत.”

गर्दीतल्या दोघांनी पायातल्या वहाणा काढल्या. मला वाटलं, आता बाबा मार खातो. त्यांनी वहाणा बाजूला ठेवल्या आणि बाबाच्या पायावर डोकं टेकलं.

कचरू डॉक्टरांजवळ आला. “साहेब, मंग आमी काय कराया पाह्यजे होतं?”

“थंडीत काहीच नाही. फाल्गुनात दिवस वाढले की माज परत येतो. पहिला माज वेडावाकडा असतो, लांबतो. त्यात घाई करायची नाही. दाणा वाढवायचा, रोज लांबून घोडा दाखवायचा. पुढचे माज नेमावर येतात. त्यांच्या अखेरीला घोडा लावायचा. बस, इतकंच.”

कचरूचा चेहरा उजळला. “मंग यंदाच्या फाल्गुनात करू!”

डॉक्टर बराच वेळ हात पुसत राहिले. “कचरूभाऊ, गर्भाची पिशवी सडली आहे. मी धुऊन देतो, दवा देतो. जगली तर ओझं नेईल. पिल्लू आता होणार नाही.”

“येक बी न्हाई?”

“बिलकुल नाही.”

मागून बाबाचा आवाज आला, अगदी मऊ. “कचरू, लेकरा, पुढच्या नवरात्रात परत घिऊन ये. या खेपंला दोन गाठी मारू.”

कचरूनं बोरीचा दोर सोडवला. झुंबरबाईनं त्याचं धोतर धरलं, तिला त्यानं ढकलून दिलं. डॉक्टरांच्या दवेची बाटली तशीच ओट्यावर राहिली आणि तो बाबामागं चालता झाला. बोरी मागचे पाय फाकून, कशीबशी.

बोरी नवरात्रापर्यंत टिकली नाही. पुढं डोंगराच्या वाटेनं कचरू पाठीवर मिठाची गोणी घेऊन जाताना मला पुष्कळदा दिसला, मागं डोक्यावर गूळ घेतलेली झुंबरबाई. मठाला मात्र त्या वर्षी पक्का ओटा झाला.

त्या दिवशी सगळ्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण डॉक्टरांच्या खऱ्या बोलण्यात कचरूसाठी पिल्लू नव्हतं, आणि बाबाच्या खोट्यात होतं. म्हणून माझं सांगणं एवढंच: जो चमत्कार सांगेल त्याला तिथंच विचारा, कसा केलास, उघड्यावर करून दाखव. आणि हे वेळेत विचारा. पिशवी सडल्यावर बरोबर उत्तर मिळालं तरी ते कुणाच्या कामाला येत नाही.