हंबीररावांना ऐकू येत होतं

डॉ. समीनाने भुलीच्या गॅसची चकती शून्यावर आणली आणि हंबीररावांच्या मनगटाला लावलेल्या, नसेला हलकी वीज देणाऱ्या यंत्राची कळ दाबली. अंगठा जेमतेम हलला. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल अजून उतरला नव्हता. गॅस त्या औषधाचा जोर वाढवतो, हे ती धरूनच चालली होती. त्यात हंबीररावांच्या किडन्या थकलेल्या. गॅस श्वासावाटे निघून जातो, औषध मात्र अंगात रेंगाळतं. म्हणून श्वासनळीतली नळी काढायची तिला घाई नव्हती.

सांगलीतल्या त्या लहानशा हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. सर्जन ऋषिराज हातमोजे उतरवत होते. त्यांचा सहायक वडूजच्या या निवृत्त सुभेदाराच्या मिशांवरून काहीतरी गंमत करत होता. तेवढ्यात नाडी धावू लागली, रक्तदाब चढला. समीनाने वाकून पाहिलं, तर मिटल्या पापणीतून पाणी कानाकडे ओघळत होतं.

दुखत असेल, असं ऋषिराज म्हणाले. समीनाला तसं वाटलं नाही. माणूस जागा झाला होता आणि त्याला बोटही उचलता येत नव्हतं. तिने हातानेच सगळ्यांना गप्प केलं आणि हंबीररावांच्या कानाशी तोंड नेलं.

"काका, मी डॉक्टर समीना. ऑपरेशन झालंय. तुम्ही जागे झालात, पण अंगावर औषधाचा अंमल आहे, म्हणून हलता येत नाही. श्वास मशीन देतंय. आता मी तुम्हाला परत झोपवते."

तिने गुंगीचं औषध दिलं. नाडी हळूहळू ठिकाणावर आली. अंगठा पूर्ण जोमाने हलेपर्यंत ती स्टुलावरून उठली नाही. पुढचा पेशंट खोळंबला. जाताना ऋषिराज म्हणाले, त्यांना काही आठवायचं नाही, तू आपणहून विषय काढू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीनाने तो काढलाच. हंबीरराव उशीला टेकून चहा पीत होते. त्यांची सून क्रांती पायाशी चादर नीट करत होती. समीना खुर्ची ओढून बसली, काय घडलं आणि कशामुळे, ते सोप्या शब्दांत सांगितलं आणि माफी मागितली.

"मिशांचं ऐकलं मी," हंबीरराव म्हणाले. "हसू आलं, पर हसता येईना. तवा भ्यालो. पलटणीत असताना बर्फाखाली गाडलो गेलो हुतो, पर तिथं वरडता तरी येत हुतं. मग तुमी बोलला, आन् जिवाला बरं वाटलं."

ते रागावलेले दिसत नव्हते. त्यांनी कप खाली ठेवला.

"डॉक्टरीणबाई, झटका आल्यालं मानूस. डोळं उघडं, पर हलत न्हाई, बोलत न्हाई. त्याला ऐकू येत आसंल का?"

कोणाबद्दल विचारताय, असं समीनाने विचारलं. उत्तर क्रांतीने दिलं. सासूबाई, अंजना, दिवाळीपासून अंथरुणावर होत्या.

तो मेंदूचा आजार, हे औषधाचं काम. दोन्ही एक नव्हे. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, असं समीना म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण येत असू शकतं, काका. आणि कळतही असेल."

क्रांतीचा हात चादरीवरच थबकला. मागच्या आठवड्यात भेटायला आलेले पाहुणे अंजनाच्या उशाशी बसूनच, आता देवाने सोडवावं, असं बोलून गेले होते. हंबीररावांनी मान डोलावली होती. क्रांतीने तिथंच सगळ्यांना चहा दिला होता.

"घरी फोन लाव," हंबीरराव म्हणाले. "अर्जुनाला सांग, आयच्या कानाला धर म्हनावं."

क्रांतीने नवऱ्याला फोन लावून तसं सांगितलं आणि फोन हंबीररावांकडे दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. समीना उठू लागली, तर त्यांनी मानेनेच बसायला सांगितलं.

"अंजना, आत्ताच च्या घेतला बग," ते म्हणाले. "बिनसाखरंचा दिलाय ह्यांनी. तू घेतलास का?"

उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते थांबले, आणि मग पुढचं सांगू लागले.