गुडघ्यानंतरचा पहिला दिवस

उकळत्या पाण्यात ते निळं रबर आधी नुसतं मऊ झालं, मग एका अंगावर कलंडलं आणि बुडबुड्यांच्या नादानं पातेल्यात गोल गोल फिरू लागलं, एखाद्या म्हाताऱ्याची कवळी सहलीला निघावी तसं. तो झारा हातात धरून वाकून बघत राहिला. लढतीत दात वाचवणारं नवीन माउथगार्ड असंच उकळून मऊ करायचं, उचलून क्षणभर गार पाण्यात धरायचं आणि तोंडात घालून कचकन चावायचं, म्हणजे ते आपल्याच दातांचा आकार घेतं आणि मग दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसत नाही. इतक्या वर्षांत अशी कितीतरी उकळून झाली होती आणि तरी आज... आज तो पाण्याला उकळी यायच्या आधीपासूनच तिथं उभा होता.

"दुधाचं पातेलं आहे ते," मागून बायको म्हणाली.

"घासून ठेवतो."

"मागच्या वेळीही घासलं होतंस. आठवडाभर चहाला टायरचा वास येत होता."

त्यानं माउथगार्ड तोंडात घातलं आणि दात आवळले. आता निदान मिनिटभर तरी तोंड उघडायचं नव्हतं. आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती समोर येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"बरं झालं. बोलता येत नाहीये तोवर माझं बोलून घेते. जा तू, मी अडवत नाही. घरी बसून तू माझी कपाटं लावायला लागलास की मला धडकी भरते. पण कुणी मुरगळलं, तर सांग. तोंडात हे असलं तरी हात मोकळा असतो ना?"

तो "ऊं" म्हणाला. त्याचा अर्थ काय घ्यायचा तो तिनं घेतला आणि ती दुधाला दुसरं पातेलं शोधू लागली.

हात मोकळा असतो. असतोच की. त्याच्या खेळात जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं उतरतात, ठोसे, लाथा, धरपकड, सगळं चालतं, आणि एकाच्या हाताला किंवा मानेला किंवा पायाला असा काही पेच बसतो की आता पुढं फक्त मोडणं उरलंय. तेव्हा ज्याला पेच बसलाय त्यानं समोरच्याच्या अंगावर तळहातानं दोनदा आपटायचं. टॅप, म्हणजे हार मान्य. की लगेच सुटका. मग समोरचा कितीही खुनशी असो, त्याच्या डोक्याला कळायच्या आधी त्याचे हात सैल पडतात. हे पहिल्या दिवशी शिकवतात, ठोसा मारण्याच्याही आधी. आणि त्यानं सबंध कारकिर्दीत सामन्यात एकदाही टॅप केलं नव्हतं. निवेदक त्याचं नाव पुकारताना हे मुद्दाम सांगायचा, लोक टाळ्या पिटायचे, आणि तो कॉलर ताठ करायचा, म्हणजे कॉलर असती तर.

मागच्या सामन्यात त्याच्या टाचेला विळखा पडला आणि पाय गुडघ्यापर्यंत पिळला जाऊ लागला. आपला हात मॅटवर पालथा पडलेला त्याला दिसत होता, समोरच, वीतभर अंतरावर. तो हात उचलून आपटायचा एवढंच काम होतं. दुखत नव्हतं असं नाही, डोळे पांढरे व्हायची वेळ आली होती. पण तो हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा गप्प पडून राहिला आणि गुडघ्यात जे वाजलं ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. लोक उभे राहिले. वाघ आहे, म्हणाले. "असेल वाघ," बायको नंतर म्हणाली होती, "पण वाघाला जिना चढवताना बखोटं मला धरावं लागतं."

आणि ऑपरेशननंतरची ती फिजिओथेरपिस्ट... बिचारी गुडघा वाकवायची, थोडा, आणखी थोडा, "दुखलं की सांगा हं" म्हणत, आणि हा छताकडं बघत पडलेला. एके दिवशी त्याच्या कपाळावरचा घाम पाहून तिनं हात काढून घेतला आणि कमरेवर ठेवला. "अहो, तुम्ही माणूस आहात की कपाट? तुम्ही सांगितलंच नाहीत तर मला कसं कळायचं?" त्याला तेव्हा फार ओशाळल्यासारखं झालं. सांगायचं कसं हेच तो विसरला होता.

सॅक खांद्याला लावून तो रस्त्यावर आला. ऊन कोवळं होतं, दुकानांची शटरं खडखडत वर जात होती, एक बाई फुटपाथवर पाणी मारत होती आणि त्याच्या पायावर उडालं तेव्हा "सॉरी हं" म्हणून हसली. गुडघा चालत होता. नुसता चालत नव्हता, त्याला घाई झाली होती. मला आनंद होतोय, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं पटकन आजूबाजूला पाहिलं, जसं काही कुणी पकडेल. एवढा मोठा बाप्या, नाक दोनदा मोडलेलं, कानांची फुगून भजी झालेली... आणि शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा चाललोय! पण मग भीतीही मागोमाग आलीच. गुडघ्याची नव्हे. गुडघा डॉक्टरांनी शिवला होता, तपासून दिला होता. हाताला कुणी तपासलं होतं?

जिम म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक लांबोडका हॉल. घाम, रबर आणि फिनेल यांचा वास जिन्यातच नाकात शिरला आणि त्याला भरून आलं. वासानं भरून यावं असा हा वास नव्हे, पण आलं खरं. वस्ताद (त्यांना सगळे वस्तादच म्हणत) खुर्चीवर बसून ग्लोव्हजच्या नाड्या सोडवत होते.

"आलास? आयोजकांचा फोन आला होता. पुढच्या सामन्यात तुझं नाव घालायचं की नाही ते आज दुपारपर्यंत सांगायचंय. आधी खेळून दाखव."

"गुडघा एकदम ठणठणीत आहे, वस्ताद."

"गुडघ्याचं मी विचारलंय का?" ते नाडीकडंच बघत म्हणाले.

त्याच्या जोडीला इलेक्ट्रिशियन होता. दिवसभर लोकांची वायरिंग करणारा, सकाळी इथं येऊन लोकांच्या वायरी खेचणारा, आडवातिडवा, गुबगुबीत, आणि एकदा अंगावर बसला की उठवता उठायचा नाही. तो हाताला पट्ट्या बांधताना सांगत होता, "परवा काय झालं, झोपेत बायकोनं माझ्या मानेवर हात टाकला. मी झोपेतच तिच्या पाठीवर दोनदा आपटलं. ती म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, हरलो, सोड. तिनं नाही सोडलं! तिला नियमच माहीत नाहीत." सगळे हसले, तोही हसला, आणि हसता हसता त्याला त्या झोपेतल्या हाताचा हेवा वाटला.

पहिला राउंड गेला. पाय आपोआप हलत होते, डावा ठोसा सुटत होता, एक लाथ तर अशी बसली की वस्तादांनी नाडी खाली ठेवली. माउथगार्डच्या आत तो हसत होता. कुणाला दिसत नव्हतं ते बरं. हे माझं आहे, हे सगळं, हा वास, ही चपळाई, श्वासाचा हा फुसफुसाट... आणि त्याच भरात तो खाली वाकून पाय धरायला गेला आणि मान इलेक्ट्रिशियनच्या काखेत अडकली.

साधी चूक. शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत. हात गळ्याभोवती आवळला गेला, दोघं खाली आले, छताचा पंखा बारीक होत गेला. सुटेन, त्याला वाटलं. हनुवटी घुसवेन, कंबर फिरवेन, नेहमी सुटतो. कानात समुद्र वाजायला लागला. आणि पलीकडं, वीतभर अंतरावर, मॅटवर तोच हात पालथा पडलेला. तसाच. गप्प. तो त्याच्याकडं बघत राहिला, हा आता असाच राहणार, आणि माणसं पुन्हा वाघ म्हणणार, आणि बायको पुन्हा जिन्यावर बखोटं... सांगा हं... सांगितलंच नाहीत तर...

फट फट.

आवाज त्याला नंतर ऐकू आला. आधी हवा आली, भसाभसा, गार, गोड म्हणावी इतकी. इलेक्ट्रिशियनचे हात कधीच सुटले होते आणि तो बाजूला गुडघ्यांवर बसून डोळे मोठे करून बघत होता.

"तू?" तो म्हणाला. "लेका, तू टॅप केलंस?"

"केलं वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला हसू फुटलं. ते काही आवरेना. तो मॅटवर उताणा पडून हसत होता, पोट धरून, तोंडातलं निळं रबर निसटून गालाशी पडलेलं, आणि इलेक्ट्रिशियनही हसायला लागला, कशाला ते न कळता. काहीच मोडलं नव्हतं. किती सोपं होतं! आणि किती छान सुटतं माणूस, लगेच, कुणी काही न विचारता... इतकी वर्षं ही सुटका मी कुणाला देऊच दिली नव्हती.

"पुन्हा," वस्ताद म्हणाले.

पुन्हा खेळले. त्यानं इलेक्ट्रिशियनला पकडलं, इलेक्ट्रिशियननं त्याला पकडलं, त्याच्या पाठीवर फट फट झालं, त्यानंही फट फट केलं. शेवटी तो भिंतीला टेकून बसला तेव्हा अंगातून वाफ निघत होती. वस्ताद फोन हातात घेऊन पुढ्यात उभे होते.

"काय सांगू त्यांना?"

पूर्वी प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यानं हो म्हटलं असतं. ज्या हाताला आता आपटता येतं तो पिंजऱ्यात टिकेल का... की ऐन वेळी लवकर आपटेल? की पुन्हा गप्प पडून राहील? त्याला माहीत नव्हतं. वस्तादांनाही नसावं, ते त्याच्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं, नवीन पोराकडं बघावं तसं बघत होते.

मी हरू शकतो. त्यानं हे वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं, जिभेनं दात चाचपावेत तसं, जपून. कुठंच दुखलं नाही.

"थांबा जरा," तो म्हणाला, "आणखी एक राउंड खेळू द्या." मी हरू शकतो, त्यानं पुन्हा म्हटलं, आणि त्याला खेळायची अशी काही ओढ लागली की तो उठला तेव्हा कुठल्या पायावर उठला हेही त्याच्या लक्षात आलं नाही.