अर्धी गोळी

मनुबाईने अडकित्त्यात पांढरी गोळी धरली, पातं मधल्या रेघेवर बसवलं आणि हलकेच दाबलं. दोन तुकडे झाले. एक तिने अर्जुनाच्या जिभेवर ठेवला, वर पाण्याचा घोट दिला आणि तो गिळेपर्यंत त्याची हनुवटी धरून बसली. दुसरा तुकडा डब्यात टाकला. तो संध्याकाळचा.

मग डबा तळहातावर उपडा करून तिने गोळ्या मोजल्या. असायला हव्या होत्या त्यापेक्षा दोन अर्ध्या कमी होत्या.

कणगीमागच्या भिंतीवर चुन्याच्या बोटांचे ठिपके होते. प्रत्येक झटक्याला एक बोट लावायचं, असं सांगलीच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं. चैत्रापासून आषाढापर्यंत एकच ठिपका होता. त्यानंतर अकरा. अर्जुना दहा वर्षांचा होता आणि त्याला चार-पाच शब्द येत. उन्हाळ्यात तो विहिरीवरून एकटा घरी येऊ लागला होता. आता पुन्हा त्याला हात धरून न्यावं लागे.

गोळ्या पहिल्यांदा कमी भरल्या तो दिवस तिला लख्ख आठवत होता. दिव्याची अवस होती, ती समया घासत बसली होती. अर्जुना गोळ्यांची बाटली हातात घेऊन आला आणि तिचा पदर धरून ओढू लागला. ओढत ओढत त्याने तिला सोप्यापलीकडे, थोरल्या जावेच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. तिथे तिने बाटली हिसकावली, गोळ्या मोजल्या आणि त्याच्या थोबाडीत मारली. आजारी पोराला तिने त्याआधी कधी हात लावला नव्हता. त्याने पदर सोडला, आणि त्यानंतर पुन्हा कधी तो असा ओढला नाही.

थोरली जाऊ शालूबाई म्हणाली होती, उंदीर नेत असतील गं. आणि झाकणाचा पितळी डबा तिनेच काढून दिला होता. पुढच्या महिन्यात गोळ्या पुन्हा कमी पडल्या, तेव्हा मनुबाई सांगलीला कंपाउंडरशी भांडली. लढाईमुळे औषध मिळत नव्हतं, डॉक्टर एकेक गोळी मोजून देत. कंपाउंडरने तिच्यासमोर तीस गोळ्या मांडून दाखवल्या. डॉक्टर तिलाच बोलले, बाई, तुम्ही रोजच्या रोज देत नाही, म्हणून हे झटके वाढले.

"मने, आवरलं का?"

शालूबाई दारात उभी होती. आज तिच्या बनूला बघायला कोरेगावकडचे पाहुणे येणार होते. ते जाईपर्यंत अर्जुनाला मळ्यात ने, असं ती काल दोनदा सांगून गेली होती. घरात असं पोर दिसलं की लोक घराण्याच्या रक्तातच दोष बघतात. हे दुखणं मनुबाईच्या माहेरून आलं, असं तीच सात वर्षं गावभर सांगत आली होती. अर्जुनाची ताटली वेगळी, तांब्या वेगळा. मनुबाईचा नवरा ज्ञानू पलटणीबरोबर इटलीत होता. त्याच्या पत्रांत अर्जुनाची विचारपूस असे, ताटलीची नसे.

"निघालेच, आक्का."

तिने भाकरी फडक्यात बांधली आणि पोराला घेऊन निघाली. ओढ्यापाशी आल्यावर तिला डबा आठवला. पाहुणे दिवेलागणीपर्यंत हलणार नाहीत, आणि संध्याकाळची अर्धी चुकवून चालणार नव्हती. ती परत फिरली. अर्जुनाला परड्यातल्या शेवग्याखाली बसवलं आणि मागच्या दाराने आत गेली.

बनू मागच्या खोलीत जमिनीवर पडली होती. नवं हिरवं लुगडं गुडघ्यांपर्यंत सरकलेलं, हातपाय ताठ होऊन झटके देत होते. शालूबाईने तिला कुशीवर वळवलं होतं. डोक्याखाली वाकळेची घडी, गळ्याजवळची चोळी सैल, तोंडात काहीही घातलेलं नव्हतं. आणि शालूबाईचे ओठ हलत होते. ती आकडे मोजत होती.

अर्जुनाला झटका आला की हीच शालूबाई कांदा फोडून आणी, चप्पल नाकाशी धरी. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे त्याला कुशीवर वळवून, झटका किती वेळ टिकतो ते मोजत बसलेल्या मनुबाईला बघून हसे. पोराचा जीव चाललाय आन् ही पाढं म्हनतीया, असं तिने शेजारणींना बोलून दाखवलं होतं. आता त्या खोलीत कांदा नव्हता, चप्पल नव्हती. वाकळेच्या घडीची जाडीसुद्धा बरोबर होती.

पितळी डबा तिच्या गुडघ्यापाशी उघडा होता.

झटके विरळ झाले. बनू घोरल्यासारखा श्वास घेऊ लागली. शालूबाईने तिच्या तोंडाचा फेस पदराने पुसला, पदराला थोडं रक्त लागलं.

"कवापासनं?" मनुबाईने विचारलं.

"दार लाव. पाव्हनं वेशीपाशी आल्यात."

"आक्का, कवापासनं?"

शालूबाईने वर पाहिलं नाही. लेकीचं लुगडं घोट्यांपर्यंत ओढत, मीठ मागावं तितक्या सहज आवाजात ती म्हणाली,

"तुज्या अर्जुनाचं काय ठरायचं ऱ्हायलंय? हिचं समदं व्हायचं हाय अजून."

सोप्यातून थोरले दीर हंबीरराव यांचा आवाज आला. कुणालातरी जाजम नीट अंथरायला सांगत होते. मनुबाईने चार पावलं चालून एक वाक्य बोलायचाच अवकाश होता. तिने दाराच्या कडीला हात लावला. कडी थंड होती. तिने दार लावून घेतलं.

डब्यात एक अर्धी आणि पाच अख्ख्या गोळ्या होत्या. अर्धी तिने पदराच्या गाठीत बांधली. मग अडकित्ता घेतला, एका गोळीचे दोन तुकडे केले, एक कोनाड्यात ठेवला आणि डबा उचलला. शालूबाईने तिचं मनगट धरलं.

"पोरगी गिळाया लागली की द्या," मनुबाई म्हणाली. "झोपंत नगं. नरड्यात अडकंल."

तिने मनगट सोडवून घेतलं आणि मागच्या दाराने गेली.

संध्याकाळी ती मळ्यातून परतली तेव्हा घरात साखर वाटून झाली होती. मुलगी सुस्त दिसते, असं पाहुण्यांतली एक बाई म्हणाली होती. उपास होता, असं तिला सांगितलं गेलं होतं. मुलगी पसंत पडली होती. मनुबाईच्या चुलीपाशी अर्जुनाची वेगळी ताटली ठेवलेली होती, आणि तिच्यात चिमूटभर साखर होती.

पहाटे ती पोराला घेऊन, सांगलीची मोटार धरायला, कराडच्या वाटेला लागली. मलकापूरच्या अलीकडे मागून भराभर पावलं ऐकू आली. बनू होती. डोक्यावरून पदर, वहाणा हातात.

"आईला सांगितलंस?"

"न्हाई."

ती शेजारून चालू लागली आणि तिने विचारलं,

"काकी, मी काय खाते? आई म्हंती, ताकदीची गोळी हाय."

"अर्जुनाची हाय."

बनू थांबली. अर्जुनाही थांबला, कारण त्याने तिचं बोट धरलं होतं. मनुबाई पुढे गेली, मग वळून म्हणाली, चल, मोटार चुकंल.

पेट्रोलच्या टंचाईत कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार चढाला दोनदा बंद पडली. सांगलीला पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरांनी अर्जुनाला तपासलं, अकरा ठिपक्यांचा हिशेब ऐकला आणि मनुबाईकडे नापसंतीने पाहिलं. तिने बनूला पुढे केलं. त्यांनी बनूची जीभ बघितली, डोळ्यांवर उजेड धरला, नवा कागद घेतला.

"किती दिवसांपासून?"

बनूने मान हलवली. "मला काय बी कळत न्हाई. उठते तवा अंग दुखतं."

"तुला कळणारच नाही. घरात कुणी पाहिलंय? नेमकं कधी सुरू झालं?"

बनूने मनुबाईकडे बघितलं. मनुबाईने मनात एकदा उलटं मोजलं.

"दिव्याच्या अवसंच्या आधी सा दिवस."

डॉक्टरांनी लेखणी थांबवली. "एवढं नेमकं कसं सांगता?"

"अवसंला बाटलीत सा अर्ध्या कमी भरल्या. रोजची एक. त्यापायी मी ह्या पोराला मारलं."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या पंचांगात बघून तारीख लिहिली. मग ते गोळ्या काढायला आत गेले. बनू कागदावरच्या त्या एका ओळीकडे बघत होती. ती तिला वाचता येत नव्हती.

अर्जुनाने मनुबाईचा पदर धरला आणि ओढला. दाराकडे, बाहेर, कुठेतरी. ती लगेच उठली आणि तो नेईल तिकडे चालू लागली.