दुसऱ्या वेताचा प्रोसेसर

गहिनीनाथ गाईच्या पाठीवर हात ठेवून डोळे मिटायचा, तेव्हा भोवतीची माणसं खोकायचीसुद्धा थांबायची. गाय घ्यायची की नाही हे तो डोळे उघडल्यावर सांगे, आणि एकदा सांगितलं की त्यावर ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे. लोणी गावच्या गुरांच्या बाजारात आपण नुसते शिरलो तरी व्यापारी आपापल्या गाईंची अंगं पुसायला लागतात, असं तो सांगायचा. म्हणजे तो स्वतःच सांगायचा. विजयमाला, त्याची बायको, लग्न झाल्यापासून हे ऐकत आली होती आणि त्याने निवडून आणलेल्या गाईंच्या धारा काढत आली होती. त्यांतल्या लाथा मारणाऱ्या किती निघाल्या, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही.

असल्या माणसाला दूध संकलन केंद्राचे सचिव काकासाहेब यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, "मोबाईल घेताना बाकी काही बघू नका, प्रोसेसर बघा. सगळा जीव त्यात असतो." झालं! गहिनीनाथने तो शब्द असा धरला की महिनाभर गावात ज्याच्या हातात नवा मोबाईल दिसेल त्याला तो "प्रोसेसर कंचा?" असं विचारायला लागला. उत्तरातलं काही कळत नसे. पण ऐकून मान हलवायची त्याची एक पद्धत होती, आणि तेवढ्यावर समोरचा बिचारा काळजीत पडायचा.

आता खरी गोष्ट अशी की मोबाईल घ्यायचा होता विजयमालाला.

त्यांची मुलगी सुकन्या सुप्याच्या एमआयडीसीत कामाला होती आणि तिथेच दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहत होती. रोज संध्याकाळी ती आण्णांच्या, म्हणजे गहिनीनाथच्या, मोबाईलवर व्हिडिओ कॉल करायची. मोबाईल आण्णांच्या हातात, आण्णांची मिशी पडदाभर, आणि बोलणंही आण्णांचंच. गाभण गाय, फॅटचा दर, ऊस तोडणीची पाळी, सगळं सांगून झालं की तो मोबाईल बायकोपुढे करायचा. "घे, बोल पटकन, चार्जिंग चाललं." तेवढ्यात विजयमाला काय बोलणार? "जेवलीस का?" ती विचारायची. "हो." की संपलं.

दिवाळीला पोर घरी आली तेव्हा विजयमालाला कळलं की मधे आठवडाभर ती तापाने फणफणली होती. "अगं, मग सांगितलं का न्हाईस?" तर म्हणाली, "आण्णांसमोर काय सांगू? लगेच गाडी काढून मला न्यायला आले असते. नोकरी गेली असती." त्या रात्री विजयमालाला फार वाईट वाटलं. आपली पोर आजारी होती आणि आपण तिला रोज जेवलीस का विचारत होतो, याचं तिला नुसतं रडू येत होतं. सकाळी धार काढता काढता तिने नवऱ्याला सांगितलं, "मला मोबाईल घ्यायचा. माझा."

गहिनीनाथने लगेच हो म्हटलं. वस्तू निवडायची संधी तो कशाला सोडतोय!

विजयमालाने मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती. तिच्या कमरेला तिनेच शिवलेली एक छोटी पिशवी असायची, किल्ल्या आणि सुट्टे पैसे ठेवायची. मोबाईल त्या पिशवीत मावला पाहिजे. कारण घरात जी वस्तू तिच्या कमरेला मावत नसे ती फडताळावर जाई, आणि फडताळावरची प्रत्येक वस्तू आज ना उद्या गहिनीनाथच्या सदऱ्याच्या खिशात जाई. अंधारात गोठ्यात न्यायची बॅटरी अशीच गेली होती. सुकन्याने आईला म्हणून आणलेला छोटा रेडिओही तसाच गेला.

संगमनेरला बसस्टँडजवळच्या दुकानात पंकजा नावाची तरुण बाई गल्ल्यावर होती. तिने पाणी दिलं आणि चार मोबाईल काढून काचेवर मांडले.

"ताई, रंगबिंग ऱ्हाऊ द्या," गहिनीनाथ म्हणाला. "प्रोसेसर दाखवा."

"काका, तो दिसत नाही. आत असतो."

"गाईचं काळीज तरी कुटं दिसतं? वरनं कळतं."

आणि त्याने एक मोबाईल उचलला, पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. दुकानातली दोन-चार गिऱ्हाइकं खरोखरच गप्प झाली. विजयमाला भिंतीवरची कव्हरं बघत उभी राहिली. असं काही झालं की भिंतीकडे बघायचं, हे तिला सवयीचं होतं.

डोळे उघडून तो म्हणाला, "आता धार काढून बघू."

"काय काढून?" पंकजाला कळेना.

"चालवून बघू. दोन येळची धार बघितल्याबिगर आमी गाईचं दावं हातात घेत न्हाई."

पंकजाने व्हिडिओ चालू करून दिला. गहिनीनाथ दारात उभा राहून एसटी, रसवंती, रस्त्याने जाणारा शेळ्यांचा कळप, सगळं टिपत राहिला. मग मोबाईलच्या पाठीला तळवा लावून म्हणाला, "तापला."

"उन्हात धरलाय काका तुम्ही."

"चांगली गाय उनातबी तापत न्हाई." तो मोबाईल बाद झाला. दुसरा नुसताच बाद झाला, त्याचं कारण कुणाला कळलं नाही. शेवटी दोन उरले. त्याने स्वतः काचेवर मांडले, एक छोटा आणि एक विटेएवढा. "हा एक, हा दोन. आता सांगा ह्यांच्या प्रोसेसरची जात."

पंकजा धीराची होती. "छोट्यातला नव्या मालिकेतला आहे, त्याची ही पहिलीच पिढी. मोठ्यातला जरा आधीच्या मालिकेतला, पण त्याची ही दुसरी पिढी."

"पिढी म्हंजी?"

"म्हणजे एकदा बनवला, मग सुधारून पुन्हा बनवला."

गहिनीनाथच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की बघत राहावं. "म्हंजी येत! गाय दुसऱ्यांदा व्याली की दुसरं येत, तसा दुसऱ्या येताचा हाय तो! अवो ताई, मग बोलायचं कामच न्हाई. पहिल्या येताच्या गाईचं काय खरं? दूध देईल, न्हाई देणार. तिसऱ्याला उतरायला लागती. गाय घ्यावी ती दुसऱ्या येताची."

"पण काका, नव्या मालिकेतला पहिलासुद्धा—"

"द्या दोन नंबर."

विजयमालाने तोवर छोटा उचलून कमरेच्या पिशवीत घालून पाहिला होता. अगदी बरोबर बसला. मग मोठा घातला, तर तो अर्ध्यातच अडला आणि पिशवीची शिवण कुरकुरली.

"आवं, हा छोटा बरा हाय," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं? पहिल्या येताचा हाय तो."

हे वाक्य तिला नवीन नव्हतं, आणि एरवी तिने ते ऐकून सोडून दिलं असतं. पण आज तिला समोर विटेएवढा मोबाईल दिसत होता आणि त्याच्याच मागे गहिनीनाथच्या सदऱ्याचा खिसा दिसत होता. तो चांगला ऐसपैस होता, जणू या विटेसाठीच शिवलेला. चारचौघांत नवऱ्याशी वाद घालायचा तिचा स्वभाव नव्हता. घातला असता तर तो आणखी हट्टाला पेटला असता, हेही तिला ठाऊक होतं.

मग तिने जे केलं, ते बाजारातल्या माणसालाच कळावं असं होतं.

गुरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातांवर उपरणं टाकतात, आणि आत एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगतात. वर दोघं तिसरीकडेच बघत असतात. बायका त्या बाजारात जात नाहीत, पण विजयमालाला ती बोली येत होती. सासरे होते तेव्हा गहिनीनाथ गाईचा भाव त्यांना नेहमी कमी करून सांगे. खरा भाव तो चहाचा कप घेता घेता बायकोच्या पदराआड तिची बोटं दाबून सांगायचा. घरात एवढी माणसं असताना नवराबायकोचं तेवढंच काय ते गुपित होतं. इतक्या वर्षांत तो सांगत आला, ती ऐकत आली. तिने कधी आकडा लावला नव्हता.

ती काचेला टेकून त्याच्याजवळ सरकली. पदर सावरायच्या निमित्ताने तो त्याच्या हातावर टाकला, आणि आत त्याचं एक बोट धरून दाबलं.

गहिनीनाथ दचकला. पण तो मुरलेला होता, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. वर पंख्याकडे बघत त्याने तिची दोन बोटं दाबली.

तिने पुन्हा एक दाबलं.

त्याने पुन्हा दोन.

"काका, बिल करू का दोन नंबरचं?" पंकजाने विचारलं.

"थांबा जरा," तो पंख्यालाच म्हणाला.

विजयमालाने तिसऱ्यांदा त्याचं एक बोट धरलं आणि या वेळी सोडलंच नाही. बाजारात हा शेवटचा शब्द असतो. पुढे एक तर सौदा करायचा नाही तर हात काढून चालू लागायचं, आणि चालू लागणाऱ्याला पुन्हा तिथे कुणी विचारत नाही. त्याने हात काढून पाहिला. निघेना. जन्मभर धारा काढलेला हात होता तो. गहिनीनाथने पंख्यावरची नजर काढून बायकोकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कव्हरांकडेच बघत होती, पण तिचे डोळे भरलेले होते. त्याला काय कळलं आणि किती कळलं, देव जाणे. त्याने बोट सैल सोडलं.

"एक नंबर द्या," तो म्हणाला.

"अहो, पण तो पहिल्या वेताचा ना?" पंकजाही आता भाषा शिकली होती.

"हाय पहिल्या येताचा. पन कास चांगली दिसती."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विजयमाला गोठ्यात असताना कमरेची पिशवी वाजली. तिने हात पुसले आणि गव्हाणीच्या कडेला बसून मोबाईल समोर धरला. पडद्यात सुकन्या. आईचा एकटीचा चेहरा बघून ती आधी इकडे तिकडे बघायला लागली.

"आण्णा कुठंत?"

"हायेत तिकडं. तू जेवलीस का?"

"हो," सुकन्या म्हणाली. मग ती पडद्याच्या जवळ सरकली. "खरं सांगू आई? नाही जेवले. सकाळपासून जेवावंसंच वाटेना."

"मग सांग ना. लागंल तेवढा येळ हाय मला," विजयमाला म्हणाली.

आणि पोर सांगत राहिली. बरोबरची मैत्रीण खोली सोडून गेली होती, रात्री एकटीला झोप लागत नव्हती. विजयमाला ऐकत राहिली, मधे मधे समजावत राहिली, आणि बोलता बोलता पोरीला एकदा हसूही आलं.

गहिनीनाथच्या तेवढ्यात धुतलेल्या किटल्या पुन्हा धुऊन झाल्या होत्या. एका गाईला दोनदा पाणी दाखवून झालं, ती प्यायली नाही. तो हळूहळू गव्हाणीकडे सरकला, खांद्यावरचा टॉवेल काढून बायकोच्या हातावर टाकला आणि आत तिची पाचही बोटं दाबली.

तिने त्याची दोन धरली.

त्याने पाच.

तिने दोन, आणि सोडली नाहीत.

"बरं, दोन तर दोन मिन्टं," तो पुटपुटला. छोटा मोबाईल त्याच्या पंज्यात हरवून गेला. मिशी पडद्यात आली, त्याने घसा खाकरला. गाभण गाय, फॅटचा दर, ऊस तोडणी, सांगायचं तर किती होतं. वेळ थोडा होता.

"सुकन्ये," तो घाईघाईने म्हणाला, "जेवलीस का, बाळा?"