बघण्याच्या दिवशी अपग्रेड

योगेंद्र महाजनला दारू वर्ज्य होती, तंबाखूचा वास सहन होत नव्हता आणि पत्त्यांत त्याचं मन रमत नव्हतं. त्यामुळे बुऱ्हाणपूरच्या इतवारा मोहल्ल्यात त्याची गणना सज्जनांत होत असे. याला त्याहून वाईट व्यसन आहे, हे फक्त घरच्यांना ठाऊक होतं. त्याला अपडेट लागायचे.

चाळिशीला टेकलेला, बिनलग्नाचा, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा हा गृहस्थ थोरल्या भावाच्या घरात माडीवरच्या खोलीत राहायचा. त्याच्या मशीनवर लिनक्स होतं. पण लोकांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेलं लिनक्स त्याला आजाऱ्याच्या पेजेसारखं वाटे. त्याला हवी असायची अजून चुलीवर शिजत असलेली आवृत्ती. ती बनवणारेच आपल्या पानावर लिहून ठेवतात की बाबांनो, ही कामाच्या मशीनवर टाकू नका, काही मोडलं तर तुमचं तुम्ही बघा. हे वाक्य वाचलं की योगेंद्रच्या अंगावर मूठभर मांस चढे.

थोरला भाऊ प्रभाकर शाळेत हेडमास्तर. त्याचं या बाबतीतलं मत तो आल्यागेल्याला ऐकवी. "आमच्या योग्याले पोरगी पाहाले नेलं, तं म्हणे थांबू थोडं. याले वाटलं, पुढच्या महिन्यात हिच्याहून नवी येईन!"

तर त्या रविवारी प्रभाकरच्या मुलीला, रंजिताला, नाशिकचं स्थळ व्हिडिओवर बघणार होतं. मुलगा निरंजन इंजिनियर, वडील मधुकर चौधरी बांधकामाचे गुत्तेदार. आधी कॉलवर बघू, पसंत पडलं तर बुऱ्हाणपूरला येऊ, असं ठरलेलं. मोबाईलवर भागलं असतं. पण रंजिताच्या आईला, शारदाला, ते मंजूर नव्हतं. तिला मुलगा तर बघायचा होताच, शिवाय त्यांचे पडदे, सोफा, भिंतीचा रंग आणि जमल्यास मागचं स्वयंपाकघरही बघायचं होतं. त्यासाठी दिवाणखान्यातला मोठा टीव्ही हवा. म्हणून योगेंद्रचं मशीन आदल्या दिवशीच खाली आणून टीव्हीला जोडलं आणि टीव्हीच्या डोक्यावर कॅमेरा बसवला.

"योग्या," प्रभाकरनं बजावलं, "उद्या इज्जतीचा सवाल आहे. त्या डब्ब्याले बोट लावू नको."

"नाही लावत, दादा."

आणि त्यानं खरंच लावलं नसतं. रविवारी सकाळी चहा घेता घेता तो फक्त काय काय आलंय ते बघायला बसला. नुसतं बघायचं, असं प्रत्येक व्यसनी माणूस म्हणतो. आलं होतं भरपूर. सिस्टीमचा गाभा नवा, आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हरही नवा. टीव्हीवर चित्र काढण्याचं काम याच ड्रायव्हरचं. सोबतच्या टिपणात लिहिलं होतं, मोठ्या पडद्यावर चित्र अधिक स्वच्छ दिसेल. योगेंद्रच्या मनात आलं, होणारे व्याही स्वच्छ दिसले तर वाईट काय? त्यानं बटण दाबलं.

मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि टीव्ही काळाठिक्कर पडला.

पुढचा सगळा वेळ योगेंद्र जमिनीवर मांडी घालून कीबोर्डाशी झटापट करत होता. झालं होतं असं, की गाभा नवा आला आणि ड्रायव्हरनं त्याच्याशी संसार करायला साफ नकार दिला. शेवटी योगेंद्रनं ड्रायव्हरला बाजूला सारून मशीन कसंबसं साध्या चित्रावर आणलं. चित्र आलं, पण आडवं ताणलेलं. एकेक अक्षर भाकरीएवढं.

जरीची साडी नेसून आलेली शारदा टीव्हीतलं आपलं रूप बघून दारातच थबकली. "भाऊजी! मी त्याहिले अशी जाडी दिसू का?"

"नाही वहिनी. त्यांना तुम्ही बरोबर दिसाल. ते तुम्हाला जाडे दिसतील."

"मग असू द्या," शारदा म्हणाली आणि मावाजिलेबीचं ताट नीट करायला लागली. जिलेबी दुकानातली होती. पण खोकं परसात लपवून ती घरच्या पितळी ताटात रचली होती आणि 'रंजूनं केली' असं सांगायचं ठरलं होतं.

रंजिता खाली आली. खकनारच्या रस्त्यावर एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये ती केळीची रोपं वाढवायची. हाताखाली चार मुली होत्या आणि तिचा आवाज त्या चौघींना पुरून उरे. आज मात्र तिला गुलाबी साडीत गुंडाळून काय बोलायचं ते पढवून ठेवलं होतं. स्वयंपाकाची आवड आहे. नोकरी काय, टाईमपास आहे. सासरी म्हणाल तसं.

"काका, मी कशी दिसते?" तिनं विचारलं.

"दुसऱ्याच कोणासारखी."

"हो ना यार," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

योगेंद्रनं कॉल लावला. 'समोरचे तुम्हाला आत घेतील, थांबा,' असं टीव्हीवर आलं. तेवढ्यात प्रभाकरला सुरसुरी आली. "हे काय पंगतीच्या पत्रावळीसारखं पसरून राहिलं? नीट कर. पाहुणे येतीन तं चौकोनी दिसतीन."

नाही म्हणायला हवं होतं. पण योगेंद्रचेही हात शिवशिवत होतेच. त्यानं बाजूला सारलेला ड्रायव्हर पुन्हा कामाला लावला आणि सेटिंग उघडून चित्राचा मोठा आकार निवडला. टीव्हीनं एकदा डोळे मिचकावले आणि सगळीकडे निळं करून टाकलं. मधोमध पांढऱ्या अक्षरांत 'नो सिग्नल'.

"काही नाही, आपोआप परत येतं," योगेंद्र म्हणाला. एरवी येतंच. बदल पसंत नसेल तर मशीन थोड्या वेळानं जुन्या चित्रावर जातं. पण नव्या ड्रायव्हरच्या त्या कच्च्या कारभारात परत येण्याचीही वाट बंद झालेली. आवाज त्याच वायरीतून यायचा, म्हणून तोही गेला. योगेंद्र टीव्हीमागे वायरी तपासायला शिरला.

प्रभाकरनं नाशिकला फोन लावला. कोणी उचलेना. मग पुन्हा लावला. "उचलत नाहीत. रागावले वाटते."

"रागावू द्या," शारदा धप्पकन सोफ्यावर बसली. सकाळपासूनचा ताण तिच्या जिभेवाटे बाहेर पडू लागला. "मले तं त्या पोराच्या मायचा फोटोच पसंत नव्हता. खट बाई दिसते. बायोडाटात संस्कारी, संस्कारी, किती वेळा लिहिलं! एकदा लिहिलं असतं तं समजलं नसतं का?"

"आणि तो मधुकर," प्रभाकरला जोर चढला, "फोटोत पोट आत ओढून उभा आहे. श्वास सोडला असता तं शर्टाची बटनं फोटोवाल्याच्या डोळ्यात गेली असती!"

"पोरगंबी प्रत्येक फोटोत गॉगल घालून. तिरळं तं नसन?"

टीव्हीमागून डोकं बाहेर काढणाऱ्या योगेंद्रला त्याच वेळी ते दिसलं. कॅमेऱ्याच्या कपाळावर छोटासा हिरवा दिवा लागला होता.

चित्र गेलं होतं, आवाज गेला होता, पण मशीन मेलं नव्हतं. आत कॉल जिवंत होता. नाशिककरांनी केव्हाच यांना आत घेतलं होतं. त्यांना हा अख्खा दिवाणखाना दिसत होता आणि शब्दन् शब्द ऐकू जात होता. दिसत नव्हतं ते फक्त इकडच्यांना.

त्यानं कॅमेऱ्याची वायर उपटायला हात पुढे केला. तेवढ्यात त्याच्या पायावर एक पाय पडला. सँडलसकट. रंजिता त्याच्याकडे बघत नव्हती. ती दिव्याकडे बघत होती, आणि तिनं पाय आणखी दाबला.

योगेंद्र जागच्या जागी थांबला. समोर जे दिसेल ते दाबून बघणारा हा माणूस, पण त्या क्षणी त्यानं हात मागे घेऊन खिशात घातला. का, ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. सकाळपासून त्या पोरीचा चेहरा परक्यासारखा झाला होता आणि आता तो परत तिचा दिसायला लागला होता, एवढंच त्याला कळलं.

रंजितानं पाय न काढताच खुर्ची बरोबर कॅमेऱ्यासमोर ओढून घेतली, ताटातली एक जिलेबी उचलली आणि चावली.

"अगं, पाहुण्यायसाठी ठेवली!" शारदा ओरडली.

"दुकानातली आहे, आई. अजून आणू. आणि ही मी केली असं नका सांगू. मी वरणाला फोडणी दिली तर घरात खोकला सुरू होतो."

"मग शिक नं!"

"शिकेन. तो शिकला तर." ती पाक टिपत म्हणाली. "आणि बाबा, टाईमपास म्हणायचं नाही. मी काचेच्या बाटलीत केळी वाढवते. लाखानं रोपं जातात शेतात. मला त्यातलं खूप समजतं. नोकरी मी सोडणार नाही. नाशिककडेही केळी-द्राक्षं आहेत, लॅब आहेत, मी शोधीन. पण घरी बसून म्हणाल तसं, ये अपने से नहीं होगा."

"हे सगळं त्याहिच्या समोर बोलशील का?" प्रभाकर कडाडला.

"बोलते आहेच ना."

"आमच्या समोर बोलून काय फायदा!"

यावर रंजिताला हसू आवरलं नाही. ती कॅमेऱ्याकडे सरळ बघून म्हणाली, "तिरळा असला तरी माझं काही म्हणणं नाही. पण बोलताना गॉगल काढावा माणसानं."

मग तिनं योगेंद्रच्या पायावरचा पाय काढला.

योगेंद्र कीबोर्डाशी बसला. चित्र परत आणायची एक जुनी युक्ती त्याला केव्हाच आठवली होती, पण मघापासून त्यानं ती जाणूनबुजून विसरलेली ठेवली होती. मशीनला चित्राच्या दुनियेतून नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर न्यायचं आणि तिथून परत आणायचं. एवढ्या फेरीत ड्रायव्हर कधीकधी शुद्धीवर येतो. त्यानं तीन बोटं दाबली, पडदा काळा झाला. पुन्हा दाबली.

टीव्हीवर नाशिक उगवलं. स्वच्छ, भिंतीएवढं.

मधोमध सोफ्यावर वैजयंती चौधरी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. रडताहेत की हसताहेत, ते कळेना. बाजूला मधुकरराव लालबुंद, आणि पोट, सांगायला हरकत नाही, सोडलेलं. त्यांच्या शेजारी एक तरुण उजव्या हातात काढलेला गॉगल धरून, डोळे ताणून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला होता.

"काकू, बघा," तो म्हणाला, "तिरळा नाहीये. चष्मा लागलाय, तो नंबरचा गॉगल आहे."

शारदाच्या हातून पदर सुटला. 

"तुमाले... केव्हापासून दिसून राहिलं?" प्रभाकरनं विचारलं.

"खट बाईपासून," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि पदर काढला. हसतच होत्या. "आम्ही हाका मारत होतो, तुम्ही ऐकतच नव्हतात. मग म्हटलं, आपणच ऐकावं. आमचे फोन आत वाजताहेत, पण कोण उठतंय!"

"मला हे काही हसण्यासारखं वाटत नाही," मधुकरराव उठले आणि खरोखरच खोलीतून निघून गेले. दार आपटल्याचा आवाज टीव्हीतून छान आला. चित्रासोबत आवाजही परत आला होता.

प्रभाकर त्या दिवशी योगेंद्रशी एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी इतकं बोलला की आदला दिवस बरा होता. डब्बा तापीत सोडायचा ठरला, मग भंगारात द्यायचा ठरला. शारदानं देवाला दिवा लावून माफी मागितली. नेमकी कशाबद्दल, ते देवालाही सांगितलं नाही.

नाशिकहून बरेच दिवस काही कळलं नाही. मधुकरराव अडून बसले होते. मुलाच्या बापाच्या पोटावर बोलणारं घर त्यांना नको होतं. पण निरंजननं रंजिताचा नंबर मिळवला होता आणि दोघं बोलत होते. आंब्याच्या दिवसांत तो आईला घेऊन आला. मधुकरराव आले नाहीत. वैजयंतीबाई स्वयंपाकघरात शारदाजवळ पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "खट आहे मी, तुम्ही ओळखलंत बरोबर. पण खट बाईलाही तोंडावर बोलणारी सून परवडते." शारदानं मान खाली घालून त्यांना शेव-भाजी वाढली, तिखट जरा जास्तच.

रंजिता निरंजनला लॅब दाखवायला घेऊन गेली. संध्याकाळी परत आल्यावर ती माडीवर चढली. योगेंद्र खिडकीजवळ पुस्तक घेऊन बसला होता.

"मग?" त्यानं विचारलं.

"बाटल्यांच्या खोलीत जाताना चपला काढायला सांगितल्या, तर मोजेही काढले त्यानं. प्रश्नही बरे विचारले. एक तर मला आलाच नाही." ती दाराला टेकून उभी राहिली. "मी हो म्हणणार आहे, काका. पण सासरे मानतील तेव्हाच. तोवर थांबू म्हटलं, तर तो म्हणाला, थांबू."

"मानतील?"

"माहीत नाही. तो म्हणतो, पोटाचा विषय आहे, वेळ लागेल."

योगेंद्रला हसू आलं. रंजिता जायला वळली आणि उंबऱ्यात थांबली.

"त्या दिवशी तुम्ही वायर काढली असती, तर जिलेबी मीच केली असं सांगितलं असतं. सच में. तोंडाशी आलं होतं."

"मग मी हात मागे घेतल्यावरही पाय कशाला दाबून ठेवलास?"

"हिंमत नव्हती ना," ती म्हणाली. "कशाला तरी धरून ठेवायचं होतं."

ती खाली गेली. स्वयंपाकघरात वैजयंतीबाई काहीतरी सांगत होत्या आणि शारदा मोठमोठ्यानं हसत होती. खालून प्रभाकरनं हाक मारली, "योग्या, जेवाले ये, पाहुणे थांबून राहिले!" योगेंद्रनं पुस्तक मिटलं आणि शर्टाची बाही खाली करत जिना उतरायला लागला.