कागदातला घास

किशनराव हट्टाला पेटले की देवाचंही ऐकायचे न्हाईत, हे शकुबाईला लग्नापासनं ठाऊक. लकव्यानं उजवा हात लुळा पडून तीन महिने झाले. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं न्हाई, आणि बायकोच्या हातनं भरवून घ्यायचं तर दार लावून, कडी घालून, दोनच घास! सदरा अंगावर लोंबायला लागला, पण ताठा जशाचा तसा. नवरा उपाशी म्हणून ही बया पण अर्धपोटी. विचारलं की म्हणायची, "मी चुलीपाशीच खाल्लं."

त्या दिवशी हुमनाबादच्या डॉक्टरनं वजन बघितलं नि कपाळाला आठ्या घातल्या. "पोटात अन्न न्हाई गेलं, तर माझ्या औषधाचा काय उपयोग?"

गावाकडं जाणाऱ्या दुबलगुंडीच्या गाडीला वेळ होता. बसस्टँडवर भीमण्णाचा रोलचा गाडा. गरम चपातीत बटाटा-कांदा भरायचा, लिंबू पिळायचं, गुंडाळून खालनं कागद लावायचा. एक कॉलेजची पोरगी उजव्या हातात मोबाईल धरून बोलायली होती, नि डाव्या हातानं रोल खायली होती. शकुबाई बघतच राहिली. हात कागदाला, दात चपातीला. अगं बाई, इतकं सोपं!

"अण्णा, एक दे. कागद पार वरपर्यंत गुंडाळ बाबा."

किशनरावांनी मान फिरवली. "डाव्या हातानं खाऊ? खुळी का काय तू?"

"हात अन्नाला कुठं लागायलाय? कागदाला लागायलाय. घ्या गपगुमान!"

ते हलले न्हाईत. मग मात्र शकुबाईचा धीर सुटला. "नका खाऊ! मी बी न्हाई खात. दोघं मिळून मरू!" डोळ्यांत पाणी आलं, माणसं वळून बघायली.

"म्हंजे? तू जेवली न्हाईस?"

"तीन महिने झाले, पोटभर न्हाई जेवले."

किशनरावांचा चेहरा उतरला. त्यांनी डावा हात पुढं करून रोल घेतला, दातानं कागद जरा खाली ओढला. पण घास त्यांनी घेतलाच न्हाई. भरल्या बसस्टँडवर रोल तिच्याच तोंडापुढं धरला.

"आधी तू."

"अहो, लोक बघायलेत."

"बघू दे की. कामून लाजायलीस?"

तिनं घास घेतला. मग त्याच जागी त्यांनी तोंड लावलं, नि शेवटच्या तुकड्यापर्यंत थांबले न्हाईत. तेवढ्यात दुबलगुंडीची गाडी लागली. शकुबाईनं पिशवी उचलली.

"जाऊ दे ती," किशनराव म्हणाले. "अण्णा, आणखी दोन कर."